तीन लाल फुल्या

1881 चा ऑगस्ट महिना. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं ब्रेमार हे गाव. बाहेर गार वारा आणि थांबायचं नाव न घेणारा पाऊस. भाड्याच्या घरात एक कुटुंब अडकून पडलं होतं. त्या घरातल्या तेरा वर्षांच्या लॉइड ऑस्बर्नने रंगपेटी काढली आणि एका खोलीचं चित्रदालन करून टाकलं. त्याचे सावत्र वडील रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेव्हा तिशीत होते, छातीच्या दुखण्याने बेजार होते आणि नावाजण्याजोगी एकही कादंबरी त्यांच्या हातून झालेली नव्हती. मुलाशेजारी बसून तेही अधूनमधून कुंचला फिरवत. अशाच एका दुपारी एका बेटाचा नकाशा कागदावर उतरला.

तो आधी कोणी काढला, यावर घरातच दोन मतं राहिली. स्टीव्हन्सनने पुढे लिहिलं की नकाशा आपण काढला. लॉइडने मोठेपणी सांगितलं की बेट आपण रंगवत होतो, स्टीव्हन्सन आत आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि टेकड्यांना, खाड्यांना नावं द्यायला सुरुवात केली: सांगाड्याचं बेट, दुर्बीण टेकडी. मग तीन लाल फुल्या मारल्या. यातलं कोणाचंही खरं माना, एक गोष्ट दोघांच्याही सांगण्यात सारखी आहे. कादंबरीचा एक शब्दही लिहिलेला नव्हता तेव्हा बेट तयार होतं.

'ट्रेझर आयलंड'चा जन्म हा असा. नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावू लागली, हत्यारं चमकू लागली आणि स्टीव्हन्सन प्रकरणांची यादी करायला बसले. रोज एक प्रकरण लिहायचं आणि संध्याकाळी घरात वाचून दाखवायचं, असं पंधरा दिवस चाललं. स्टीव्हन्सनचे वडील थॉमस हे दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनिअर, पण या गोष्टीपुढे तेही मूल झाले. गोष्टीतल्या बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं, याची यादी त्यांनी दिवसभर बसून केली. खजिना पुरणाऱ्या कॅप्टन फ्लिंट या चाच्याच्या जहाजाचं 'वॉलरस' हे नावही त्यांचंच.

नकाशा खरा वाटतो, याचं मूळही याच घरात आहे. आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बेल रॉकचं दीपगृह उभारलं आणि 1811 मध्ये त्याचा दिवा लागला. काका ॲलन यांनी स्केरीव्होरच्या खडकावर बांधलं. लेखक स्वतः तरुणपणी वडिलांबरोबर अशा कामांवर हिंडला होता, इंजिनिअरिंग शिकला होता. कुठे नांगर टाकावा, पाणी किती वाव खोल आहे, खडक कोणत्या दिशेला आहे, ही त्या घरात जेवताना निघणारी भाषा होती. म्हणून फ्लिंटच्या नकाशात नुसती झाडं आणि टेकड्या नाहीत. पाण्याची खोली, बंदरं, दिशा असं सगळं खलाशाच्या उपयोगाचं आहे.

पण खऱ्या चाच्यांकडे असे नकाशे होते का? नव्हते. चाच्यांची लूट वाटून घेतली जाई आणि वाटा हातात पडला की बंदरात उडवला जाई. शिवाय लुटीत सोन्याच्या मोहरा थोड्या आणि कापडचोपड जास्त. कॅप्टन विल्यम किडचंच बघा. 1697 च्या सप्टेंबरात तो आपल्या जवळच्या कारवार बंदरात येऊन गेला. 1698 च्या जानेवारीत त्याने कोचीनच्या आसपास 'क्वेदा मर्चंट' हे सुरतेकडे निघालेलं जहाज पकडलं. त्यात रेशीम, मलमल, साखर, लोखंड, सोरा असला माल होता. साखरेची पोती कोण जमिनीत पुरेल! तरीही किडने 1699 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर सोनं-चांदी आणि काही माल पुरला, हे खरं. मात्र गव्हर्नरने तो लवकरच उकरून घेतला आणि पुरावा म्हणून इंग्लंडला धाडला. 1701 मध्ये किडला लंडनच्या वॉपिंग इथे फासावर दिलं. त्याचं धन मिळालं होतं, तरी उरलेलं कुठेतरी आहे ही अफवा मात्र मागे राहिली. वॉशिंग्टन आयर्विंगने 1824 मध्ये आणि एडगर ॲलन पो यांनी 1843 मध्ये 'द गोल्ड-बग'मध्ये तिच्यावर कथा रचल्या. पोच्या कथेत सांकेतिक लिपी आहे, कवटी आहे, खड्डा आहे. स्टीव्हन्सनने सांगाड्याचा वाटाड्या तिथून घेतला आणि ते ऋण मोकळेपणाने कबूल केलं. कादंबरीतला पोपट रॉबिन्सन क्रूसोच्या खांद्यावरून उडत आला, हेही त्यानेच सांगितलं.

आपल्याकडच्या गुप्तधनाच्या गोष्टींत राखणीला नाग बसतो, माहिती स्वप्नात मिळते. हातात धरून चालत जावं असा कागद त्यांत सहसा नसतो. तो कागद ही ब्रेमारची भर.

मराठी वाचकाने मात्र त्या पोपटापाशी जरा थांबावं. कादंबरीतला एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर लहानग्या जिमला सांगतो की हा पोपट कॅप्टन इंग्लंड या चाच्याबरोबर हिंडला, त्याने मलबार पाहिला आणि गोव्याचा विजरई लुटला गेला तेव्हाही तो तिथे होता. ही थाप कोऱ्या कागदावर मारलेली नाही. 1721 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून पोर्तुगालला परतणाऱ्या विजरईचं, एरिसेराच्या सरदाराचं, 'नोस्सा सेन्योरा दो काबो' हे जहाज वादळात मोडकळीला येऊन रियुनियन बेटाशी उभं होतं. टेलर आणि ला ब्यूज या चाच्यांनी ते लुटलं. हिऱ्यांसकट त्यातला माल पाहता ती चाचेगिरीच्या इतिहासातली फार मोठी लूट ठरली.

त्याच्या आदल्या वर्षी, 1720 मध्ये, कोमोरो बेटांपाशी कॅप्टन इंग्लंड आणि टेलर यांच्या टोळीने ईस्ट इंडिया कंपनीचं, मुंबईला निघालेलं 'कॅसांड्रा' हे जहाज घेतलं. त्याचा कप्तान मॅक्रे जीव मुठीत धरून चाच्यांसमोर उभा होता. तेव्हा भल्यामोठ्या मिशांचा, लाकडी पायाचा, अंगभर पिस्तुलं खोचलेला एक चाचा शिव्या देत पुढे झाला. मॅक्रेचा हात धरून तो म्हणाला की हा भला माणूस आहे, याच्या हाताखाली मी काम केलंय. मॅक्रे वाचला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच 1720 मध्ये मुंबईकर इंग्रजांचं आरमार कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेलं आणि हात हलवत परतलं. परतीच्या वाटेवर त्याची गाठ चाच्यांच्या हाती पडलेल्या 'कॅसांड्रा'शीच पडली. मॅक्रेचा हा किस्सा कॅप्टन चार्ल्स जॉन्सनच्या नावाने निघालेल्या चाच्यांच्या इतिहासात आहे आणि हा इतिहास आपल्या कादंबरीच्या मुळाशी असल्याचं स्टीव्हन्सनने पत्रात लिहिलं आहे.

सिल्व्हरचा स्वभाव मात्र घरच्या मित्राचा. विल्यम अर्नेस्ट हेन्ली हा कवी-संपादक धिप्पाड, गडगडाटी हसणारा. क्षयाने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. आपल्या सिल्व्हरचं बीज त्याच्यात आहे, हे स्टीव्हन्सनने त्यालाच कळवलं. याच हेन्लीची चिमुरडी मुलगी मार्गारेट लेखक जे. एम. बॅरीला बोबड्या बोलात 'फ्वेंडी' म्हणायची. ती पाचव्या वर्षी गेली आणि तिचा तो शब्द 'पीटर पॅन'मधली वेंडी होऊन राहिला. मुलांच्या दोन थोर चाचेकथांचे धागे असे एकाच घराला शिवून जातात.

पंधरा प्रकरणांनंतर लेखणी अडली. ती सुटली स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या हिवाळ्यात, पुन्हा रोज एक प्रकरण या वेगाने. तोवर 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने मालिका सुरूही झाली होती. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. 1883 मध्ये कॅसेल प्रकाशनाने ती पुस्तकरूपाने घेतली, शंभर पौंडांना. आणि इथे घात झाला. हस्तलिखिताबरोबर पाठवलेला मूळ नकाशा प्रकाशकांकडे पोचलाच नाही.

आता उलटं काम आलं. आधी नकाशावरून गोष्ट निघाली होती. आता कंपास घेऊन अख्खं पुस्तक चाळायचं, प्रत्येक उल्लेख टिपायचा आणि त्यावर बसेल असा नकाशा काढायचा. तो वडिलांच्या कचेरीत तयार झाला. त्यावर देवमासे आले, शिडाची जहाजं आली. थॉमस स्टीव्हन्सननी हस्ताक्षर बदलून कॅप्टन फ्लिंटची सही केली. जगाने पाहिला तो हा दुसरा नकाशा. त्यात आपलं बेट पुन्हा भेटलं नाही, ही खंत लेखकाला शेवटपर्यंत राहिली.

पुढच्या पिढ्यांनी ही रीत उचलली. टॉल्किनच्या 'हॉबिट'मध्ये 1937 साली थ्रोरचा नकाशा आला. नकाशा आधी आणि गोष्ट त्याला जुळवून, असं टॉल्किनने पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल स्वतः लिहिलं आहे. पण समुद्र आणि जादू यांचा खरा संगम झाला तो 1968 मध्ये. एका प्रकाशकाने अर्सुला ल ग्विन यांच्याकडे किशोरांसाठी पुस्तक मागितलं. त्यांनी शेकडो बेटांचा नकाशा काढला, नावं दिली, आणि 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहायला घेतली. तिथे लाल फुली नाही. गेड हा तरुण जादूगार स्वतःच्याच सावलीचा पाठलाग करत लहानशा होडीतून पूर्वेला जातो, शेवटचं बेट मागे टाकतो आणि पुढच्या उघड्या समुद्रात सावलीला गाठतो. वाचणारं पोर पान उलटून नकाशा बघतं, तर तिथे काहीच काढलेलं नसतं. स्टीव्हन्सनने मुलाच्या हाती नकाशा दिला. ल ग्विननी त्याला नकाशाच्या कडेपलीकडे नेलं. एवढी मोठी मजल या वाटेवर दुसऱ्या कोणी मारलेली दिसत नाही.

मराठीत समुद्रसाहसाची पुस्तकं काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती. पानं वाचवायची म्हणून नकाशा गाळू नका. नावं देवनागरीत लिहून घ्या, घडीचं पान करा, आणि बाकी सगळं काळ्या शाईत छापलंत तरी फुल्या तेवढ्या लाल ठेवा.