ओघ आणि ओढाताण



गोष्ट लिहिताना शब्द आपसूक यावेत की ओढून आणावेत, हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारा बहुधा कॉलेजातला तरुण असतो. वही काखेत असते, आणि वहीतली पहिली दोन पाने खोडून काळी केलेली असतात. त्याला उपदेश करण्यापेक्षा आपल्या कादंबरीच्या इतिहासाकडे बोट दाखवणे मला बरे वाटते. हा इतिहास शेवटी आपल्याच जिल्ह्यात येऊन पोहोचतो, म्हणून आज तो आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे.

मराठी कादंबरीचा आरंभ खरे म्हणजे चांगला झाला होता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. विधवांचे हाल हा त्याचा विषय घराघरांतला होता, आणि भाषाही त्या मानाने साधी होती. पण पुढच्या लेखकांनी ती वाट सोडली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. तेथे राजपुत्र, राजकन्या, अद्भुत योगायोग आणि नायिकेची लांबलचक वर्णने. संस्कृत समासांच्या माळा अशा लांबतात की क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरावा! आज आपण हसतो. पण रिसबुडांनी प्रस्तावनेत जे कारण दिले आहे ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपल्या लोकांच्या चालीरीती आणि संसार असा आहे की त्यात मनोरंजक असे काही सापडत नाही, म्हणून कल्पनेने अद्भुत रचावे लागते, अशा आशयाचे ते म्हणणे आहे. माझ्या मते शब्दांच्या ओढाताणीचे मूळ येथे आहे. आपल्या घरात सांगण्याजोगे काही नाही असे ज्याला वाटते, त्याला शब्द दुसऱ्याच्या घरून आणावे लागतात, आणि उसन्या दागिन्यासारखे ते अंगावर नीट बसत नाहीत.

हे अवघडलेपण हरिभाऊ आपट्यांच्या एकट्याच्या लेखनातही दिसते. १८८५ च्या सुमाराची त्यांची ‘मधली स्थिती’ इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या वळणावर आहे. पुढे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः सुरू केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस. अंक दर आठवड्याला निघायचा. स्फूर्तीची वाट पाहत बसण्याची चैन त्यांना नव्हतीच. तरी या कादंबरीला ओघ आहे, कारण ती सांगते यमू. माजघरात वाढलेली मुलगी माजघराच्या भाषेत बोलते, आणि सव्वीस वर्षांचा पुरुष आपली विद्वत्ता बाजूला ठेवून तिचे ऐकत बसतो. रिसबुडांना ज्या घरात काही सापडले नव्हते, त्याच घरात हरिभाऊंना अख्खी कादंबरी सापडली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ना. सी. फडके यांचा जन्म १८९४ मध्ये कर्जतचा. कर्जत आपलेच, आज आपण जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतो, एवढाच फरक. फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथालेखनाचे तंत्र मराठी लेखकापुढे मांडले. कथानकाची गुंतागुंत, पात्रे, निवेदन, शेवट, सारे लेखकाने जाणूनबुजून साधावे, असा त्यांचा आग्रह. पुष्कळ लोक या पुस्तकाला नाके मुरडतात. मी मुरडत नाही. ‘मंजुघोषे’च्या रानातून वाट काढायला अशा कुऱ्हाडीची गरज होती. शिवाय फडक्यांची स्वतःची भाषा कोठेही अडखळत नाही, लोण्यासारखी उतरते. मात्र मला त्यांच्या कादंबऱ्या वाचताना कधी कधी असे वाटते, की हा ओघ कथेचा नसून हाताच्या सवयीचा आहे. भाषा गुळगुळीत असली म्हणजे ती सहज असतेच असे नाही.

‘प्रतिभासाधना’नंतर तीनच वर्षांनी, १९३४ मध्ये, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसाराची कितीतरी वर्षे आपल्या राहुरीत आणि नगरात गेली. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुस्तक आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण प्रसंग उभा करणे, माणूस बोलता करणे, नेमके कोठे थांबावे हे ओळखणे, या कादंबरीकाराच्या साऱ्या कला त्यात आहेत. वडिलांचे सोवळ्याचे वेड पाहा. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेलेले. त्यात मुलांचे हाल झाले, आणि बाई ते हसत सांगतात. एखाद्या शेजारणीपुढे बसून निवडणटिपण करता करता बोलावे तसे. त्यांना आपले घर सांगण्याजोगे आहे की नाही, ही शंका कधी शिवलीच नसावी. आणि कोणी असे समजू नये की त्यांना कष्ट माहीत नव्हते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेताना त्यांनी अध्यायांमागून अध्याय ओवीत रचले. ती बैठक मोडून उठणाऱ्याचे काम नव्हे. १९३६ मध्ये बाई गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यानंतर बाहेर आला.

जाता जाता माझी स्वतःची फजिती सांगतो. विशीत मी एक कथा लिहायला घेतली होती. स्थळ महाबळेश्वरचा बंगला, नायिका पियानो वाजवणारी. महाबळेश्वर मी पाहिले नव्हते, पियानोही नाही. मात्र तंत्र अगदी चोख होते. चाळीस पाने झाली आणि पुढे ओळ हलेना. एका संध्याकाळी आईला ती वाचून दाखवली. ते दुष्काळाचे वर्ष होते, आणि आई नुकतीच आडावरून दोन खेपा करून आली होती. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “काय रे, या बाईच्या घरी पाणी कोण भरतं?”

मला उत्तर देता आले नाही. ती वही अजून घरी आहे. कथा चाळिसाव्या पानावरच थांबलेली आहे, आणि त्याच वहीत, उलट्या बाजूने, दुसऱ्या दिवशीपासून मी आडावरच्या बायकांचे बोलणे टिपून घेऊ लागलो होतो.