दुधनीच्या पाण्याखालचा इतिहास

सिल्वासाहून खानवेलमार्गे सुमारे ४० किलोमीटर गेले की दुधनीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. हिवाळ्यात तेथे तंबूत मुक्काम करावा आणि पहाटे दुर्बीण घेऊन काठाने पक्षी पाहत हिंडावे, हा आपल्याकडील अनेक कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून आम्हीही तो पाळतो. मात्र या स्थळाचा इतिहास आपल्या गप्पांत अर्धाच येतो, असे आम्हांस वाटते.

खानवेलपर्यंतचा इतिहास आपणांस मुखोद्गत आहे. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांना दिली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे लोक त्या लढ्यात होते. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला शरण गेला. आपली मुले हे ऐकतच वाढली. पण खानवेल मागे पडले की आपले कथन थांबते आणि निसर्गवर्णन सुरू होते.

वस्तुतः दुधनीचे सरोवर निसर्गाने दिलेले नाही. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि दमणजवळ समुद्रास मिळते. १९७० नंतरच्या दोन दशकांत तिच्यावर मधुबन येथे धरण उभे राहिले. दुधनीचे पाणी म्हणजे त्याच धरणाचा फुगवटा होय. शेतीला, वापीच्या कारखान्यांना आणि दमणला त्याचा लाभ झाला. मात्र त्यासाठी गुजरात आणि नगर हवेली या दोन्हीकडील आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

पक्ष्यांनी हे नवे पाणी आपलेसे केले, यात नवल नाही. धरणाचे पाणी उतरू लागले की काठाचा चिखल उघडा पडतो आणि बगळ्यांना, टिटव्यांना, पाणथळीतील इतर पक्ष्यांना त्यात भक्ष्य मिळते. सह्याद्रीच्या पलीकडे, त्याच नाशिक जिल्ह्यात, गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वरचा बंधाराही सिंचनासाठीच बांधलेला. तेथे गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. माणसाने अडविलेल्या पाण्यालाही अशी प्रतिष्ठा लाभू शकते.

पक्ष्यांना जुन्या काठाची आठवण ठेवावी लागत नाही. माणसांना ती ठेवावी लागते. भूसंपादनाच्या कागदांत सर्व्हे क्रमांक असतो, क्षेत्र असते, मोबदल्याची रक्कम असते. शेताला घरचे लोक कोणत्या नावाने हाक मारीत, देवाचे ठाणे कोठे होते, नदी कोठून ओलांडीत, हे त्यांत नसते. आयुष्यभर असेच कागद हाताळल्यामुळे हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. ज्यांनी जाणतेपणी गाव सोडले, ती माणसे आज वृद्ध झाली आहेत.

आपण या भूमीत येऊन रुजलो आणि आपली कथा लिहून ठेवली. ज्यांच्या शेजारी रुजलो, त्या वारली-कोकणा घरांची कथाही आपल्याच मंडळींनी त्यांच्या तोंडून ऐकून टिपावी, असे आम्ही सुचवितो. यंदा दुधनीला जाणाऱ्यांनी दुर्बिणीबरोबर एक कोरी वही अवश्य न्यावी.