आत की बाहेर? शरीराचा सामू सुईविना वाचण्याचा इतिहास

१/७
सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी रुग्णालयात जन्मली नाही. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मात्यांच्या प्रयोगशाळेत विकरांचा अभ्यास करताना सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ती मांडली. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो.

२/७
१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग यांना आढळले, की कर्करोगाच्या गाठी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून विपुल लॅक्टिक आम्ल तयार करतात. पुढे गाठीत इलेक्ट्रोड टोचून घेतलेली मोजमापेही आम्लताच दाखवीत. कर्कपेशी आतूनच आम्लधर्मी असते, हा समज त्यातून दृढ झाला.

३/७
मात्र इलेक्ट्रोडचे टोक पेशीच्या तुलनेत मोठे. ते प्रामुख्याने पेशींमधल्या द्रवाचा सामू सांगत होते. टोचल्याने ऊतीला होणारी इजा वेगळीच.

४/७
१९७३ मध्ये मून आणि रिचर्ड्स यांनी तांबड्या रक्तपेशींवर नवी वाट दाखवली. पेशीतील फॉस्फेटचे रूप भोवतालच्या आम्लतेनुसार बदलते आणि चुंबकीय क्षेत्रात त्याचा संकेत किंचित सरकतो. त्या सरकण्यावरून पेशीच्या आतला सामू वाचता आला. संवेदक म्हणून पेशीतलाच रेणू उपयोगी पडला.

५/७
हेच तंत्र गाठींवर वापरले गेले, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला. पेशीच्या आत सामू जवळपास उदासीन, क्वचित किंचित अल्कधर्मी होता! पेशी आपले आम्ल बाहेर लोटत होती. दोन्ही मोजमापे खरी होती. जागा निराळ्या होत्या.

६/७
हा भेद उपचारांसाठी मोलाचा आहे. डॉक्सोरुबिसिनसारखे सौम्य अल्कधर्मी औषध आम्लधर्मी द्रवात प्रभारित होते आणि पेशीत कमी शिरते. म्हणून बाहेरचा सामू दाखवणारे रेणू हवे होते. २००० मध्ये अमेरिकेत वॉर्ड आणि बालबन यांनी पाण्याशी प्रोटॉनची देवाणघेवाण करणारे रेणू वापरले; या देवाणघेवाणीचा वेग सामूवर अवलंबून असतो.

७/७
२००८ मध्ये केंब्रिजच्या केविन ब्रिंडल यांच्या गटाने कित्येक हजार पटींनी संकेत वाढवलेले बायकार्बोनेट उंदरांना दिले. ते आणि त्यापासून बनलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून सामूचा नकाशा उमटला. संकेत अल्पावधीतच विरतो, तरी गाठ भोवतालच्या ऊतीपेक्षा आम्लधर्मी असल्याचे स्पष्ट दिसले. वॉरबर्ग यांच्या आम्लाचा ठावठिकाणा गाठीत काहीही न खुपसता चित्रात उतरला: तो पेशीच्या बाहेर होता.