पत्र्याची सोयरीक

धातू जोडण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे डाख. डाख देताना दोन तुकड्यांच्या मध्ये लवकर वितळणारा तिसरा धातू ओततात. तुकडे स्वतः वितळत नाहीत. गॅरेजमधला वेल्डर दोन्ही पत्र्यांच्या कडाच वितळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून थिजतात. कोशकारांनी याला 'वितळजोडकाम' म्हटले, गॅरेजने 'वेल्डिंग'च ठेवले. शब्दांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला या हुन्नराच्या इतिहासाची गोडी लागली ती इथूनच.

अॅसिटिलीन वायूचा शोध १८३६ मधला, आयर्लंडच्या एडमंड डेव्ही यांचा. पण १८९२ मध्ये अमेरिकेत कार्बाइड मुबलक बनवण्याची युक्ती सापडली, आणि कार्बाइडवर पाणी सोडले की हा वायू कुठेही मिळू लागला. ऑक्सिजनच्या जोडीने त्याची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळते. तोवर मोटारींची अंगे लाकडी सांगाड्यावर बेतलेली असत. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉज बंधूंनी एडवर्ड बड यांच्याकडून संपूर्ण पोलादी बॉड्या घेतल्या, आणि सुताराच्या कामाचा मोठा वाटा वेल्डरकडे गेला.

आपल्या मुंबईत या कामाची खरी शाळा भरली ती फियाट टॅक्सीच्या जिवावर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी पुढे 'पद्मिनी' झाली. तिला ट्रकसारखी वेगळी चासी नव्हती. तळपत्रा आणि दाराखालची पट्टी हाच तिचा कणा. खारी हवा आणि पावसाळा नेमका तोच कणा कुरतडत. म्हणून पत्रा बदलणे ही रंगसफेदी नव्हती, हाड बसवणे होते.

सोयरीक जुळवताना घर बघतात, तसा इथे पत्रा बघावा लागतो. मऊ, कमी कार्बनचा, थंड लाटलेला, आणि जाडीला जुन्याच्या तोडीचा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, २२ म्हणजे सुमारे ०.७. जाड ठिगळ लावले तर ते तापेपर्यंत पातळ कड जळून भोक पडते. गंजाला लागून जोड दिला तर तो टिकत नाही. चमकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जावे लागते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गंजत नाही म्हणून मोह पडतो. पण पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, ९०७ अंशांना, जस्त उकळते आणि त्याचा धूर वेल्डरला ताप आणतो. जोडापुरता मुलामा घासून काढावा लागतो, तरी खेळती हवा हवीच. आणि सलग रेघ ओढायची नाही, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. आधी दूरदूर टाके, मग मधल्या जागा, थंड होऊ देत देत.

हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त होते. उस्तादाकडून शागिर्दाकडे जायचे. आता मात्र पत्राच बदलला आहे. १९८४ मध्ये साब कंपनीने 'साब ९०००' या मोटारीच्या दारांत तापवून कडक केलेले बोरॉन पोलाद घातले. आज अनेक मोटारींच्या खांबांत ते असते, साध्या पत्र्याहून चार-पाच पट ताकदीचे. त्याला गॅसची ज्योत दाखवली की ताकद उतरते. वरून रंग तसाच चकाकतो, आत खांब मऊ पडलेला असतो, आणि अपघात होईपर्यंत ते कुणाला कळत नाही. तिथे ठोकून सरळ करणे चालत नाही. कंपनी सांगेल तिथेच कापून, सांगेल त्या रीतीने नवा भाग बसवावा लागतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटारींच्या अपघात-चाचणीचे 'भारत एनकॅप' सुरू झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ज्या हातांनी तिला वर्षानुवर्षे जगवले, त्यांना कालबाह्य म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण ज्योतीचा रंग पाहून पत्र्याचा स्वभाव ओळखणारा माणूस नवा पत्राही शिकेल, त्याला कुणी शिकवले तर. तोवर आपण गाडी परत घेताना 'रंग जुळला का?' एवढेच विचारू नये; 'आत कोणता पत्रा बसवला आणि कसा जोडला?' हेही विचारावे. घरची माणसे त्याच जोडाच्या भरवशावर बसतात.