अरण्यांतून अंगणांत

मालवणच्या किनाऱ्यावर घरचा कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला आणि बायकामुलें गांवीं, ही गिरण्यांच्या काळांत रुळलेली रीत आजहि पुष्कळ घरांतून दिसते. चतुर्थीला चाकरमानी घरीं येतो. पहिलटकरीण बाळंतपणासाठीं माहेरीं येते. झिका या रोगाचा इतिहास पाहतां, या येण्याजाण्याकडे सावधपणें पाहणें अगत्याचें ठरतें.

१९४७ सालीं युगांडांतील झिका नांवाच्या अरण्यांत, पीतज्वराच्या संशोधनासाठीं पिंजऱ्यांत ठेवलेल्या एका माकडाला ताप आला. त्याच्या रक्तांत हा विषाणु प्रथम सांपडला. १९५२ सालीं पुण्यास विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें. त्याच सुमारास भारतीयांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हां कांहींच्या रक्तांत या विषाणूस निष्प्रभ करणारीं द्रव्यें आढळलीं. परंतु ताप सौम्य, थोड्या दिवसांत उतरणारा. त्याची धास्ती कोणी घेतली नाहीं.

२०१५ सालीं ब्राझीलमध्यें साथ पसरली आणि तिच्या पाठोपाठ फार लहान डोक्याचीं अर्भकें जन्मूं लागलीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी जाहीर केली. हा विषाणु मातेच्या रक्तांतून वार ओलांडून गर्भांत शिरतो व मेंदू घडविणाऱ्या कोवळ्या पेशींचा नाश करतो, हें पुढें सिद्ध झालें. डोळे, कान आणि सांधे यांसहि इजा पोंचते. बाधित मातांच्या अर्भकांपैकीं शेंकडा ५ ते १५ जणांत असे परिणाम आढळतात. पहिल्या तीन महिन्यांतील बाधा सर्वांत घातक.

महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्यें पुरंदर तालुक्यांतील बेलसर येथें आढळला. २०२४ सालीं राज्यांत १४० रुग्णांची नोंद झाली. त्यांतील बहुतेक पुणें भागांतील होते, आणि त्यांत गर्भवती पुष्कळ होत्या. ३ जुलै २०२४ रोजीं केंद्र सरकारनें गर्भवतींची तपासणी करण्याची व बाधितांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची सूचना राज्यांना दिली. त्या वर्षीं देशांत या रोगामुळें डोकें लहान राहिलेल्या अर्भकाची नोंद झाली नाहीं, ही समाधानाची गोष्ट, निर्धास्तपणाची नव्हे.

कारण बहुसंख्य बाधितांना तापच येत नाहीं. हा डांस सहसा वाडीपलीकडे जात नाहीं. रोग दूर नेतो तो माणूस. समागमानेंहि तो पसरतो. म्हणून साथीच्या गांवाहून परतलेल्या पतीनें, पत्नी गर्भवती असल्यास, प्रसूतीपर्यंत संयम पाळावा किंवा निरोध वापरावा. हा डांस दिवसा चावतो. गर्भवतीनें दिवसाहि अंग झांकून घ्यावें. परड्यांतील करवंट्या, उघडीं पिंपें, ओढून ठेवलेल्या होड्यांतलें पाणी हीं त्याचीं माहेरघरें. भांडें नुसतें रितें करून भागत नाहीं, तें घांसावेंहि लागतें. कारण त्याचीं अंडीं कोरड्या कडेला चिकटून महिनोन् महिने जगतात. या रोगावर लस अद्याप उपलब्ध नाहीं. तोंवर येणाऱ्या जिवाचें रक्षण घरच्यांच्याच हातीं आहे.