‘ताप’ या सदरातील बाळंतिणी : कुलाब्याच्या मृत्युनोंदींविषयी

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील बाळंतिणींच्या मृत्यूंचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास सरकारी नोंदी फारसे साहाय्य करीत नाहीत. याचे कारण नोंदणाऱ्यांच्या हयगयीत जितके आहे, तितकेच नोंदींच्या शब्दांतही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील खेड्यांत मृत्यूची वर्दी गावकामगारांकडे जाई. वार्षिक तक्त्यांतील सदरे मोजकीच असत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर कारणे. सूतिकाज्वराने दगावलेली स्त्री साहजिकच ‘ताप’ या सदरात जाई. अतिरक्तस्रावाने गेलेली ‘इतर कारणां’त. मृत्यू नोंदला जाई, परंतु प्रसूतीशी असलेला त्याचा संबंध पुसला जाई. शिवाय मुरूड व श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात असल्याने, जिल्ह्याचा तक्ता हा सबंध किनाऱ्याचा तक्ता नव्हता.

सरकारी दप्तराने जो भेद केला नाही, तो लोकभाषेने मात्र केला होता. ए. एम. टी. जॅक्सन यांच्या संग्रहावरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली कोकणातील लोकसमजुतींची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांतील बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरविलेली आहे. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मृत झालेल्या स्त्रीच्या भुतास ‘अळवंत’ असे स्वतंत्र नाव त्यांत आढळते. समजूत भयाची व त्या स्त्रीवर अन्याय करणारी खरी. तथापि ज्या मरणासाठी निराळे नाव घडवावे लागले, ते मरण समाजाच्या चांगले परिचयाचे होते, हे उघड आहे.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात, देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मृत्यू पावतात व वर्षाकाठी असे सुमारे २ लाख मृत्यू होतात, असा अंदाज वर्तविला. एवढा मोठा आकडा अंदाजानेच सांगावा लागावा, यातच दप्तराची उणीव दिसते.

आज गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी निगडित कारणाने आलेला मृत्यू हा मातामृत्यू मानला जातो; अपघाती मृत्यू त्यात येत नाहीत. घरोघरी पाळला जाणारा बाळंतिणीचा ‘सव्वा महिना’ या मुदतीच्या जवळपास जातो. रुग्णालयातील मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात गर्भारपणाविषयी स्वतंत्र प्रश्नही असतो. परंतु तो कोरा राहिला आणि कारणापुढे केवळ ‘रक्तदोष’ वा ‘हृदयक्रिया बंद’ असे लिहिले गेले, तर जुन्या ‘ताप’ सदराचीच पुनरावृत्ती होते. त्यात १९६९ च्या कायद्यान्वये मृत्यू जेथे घडला तेथे नोंदला जातो. त्यामुळे अलिबागेहून मुंबईस हलविलेली बाळंतीण तेथे दगावल्यास मूळ नोंद मुंबईत होते. तिच्या गावाचा पत्ता कोणी ध्यानात घेतला नाही, तर किनाऱ्याच्या हिशेबातून ती गळते.

म्हणून या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना आकड्यांची बेरीज करण्यापूर्वी सदरांची नावे तपासणे अगत्याचे आहे. ज्या मृत्यूस दप्तरात नाव मिळत नाही, त्याच्या निवारणाची जबाबदारीही कोणावर येत नाही.