गेमिंगसाठी मॉनिटर घेताय? दहा-बारा हजारांत वेगवान स्क्रीन कशी निवडायची, वाचा सविस्तर

चांदवड : कांद्याची पट्टी हातात पडली की घरात खर्चाची यादी निघते. खतं, मजुरी, सोसायटीचा हप्ता, पोरांची फी. हल्ली या यादीच्या शेवटी आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे कॉम्प्युटरचा मॉनिटर. कॉलेजला जाणारा मुलगा म्हणतो, गेम अडकतो, स्क्रीन बदलायची. वडील विचारतात, चालू स्क्रीन कशाला बदलायची? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. दहा-बारा हजार रुपये ही लहान रक्कम नाही. नीट पाहून घेतलेला मॉनिटर पाच-सात वर्षं अभ्यासालाही कामी येतो, आणि न पाहता घेतला तर पैसे जाऊनही गेम पहिल्यासारखाच चालतो. म्हणून दुकानात जाण्याआधी काय तपासायचं, त्याची ही माहिती.

आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

गेम अडकण्याची कारणं तीन असतात. ती वेगवेगळी आहेत आणि तिन्हींचा इलाजही वेगळा आहे.

१) कॉम्प्युटर कमी पडतो : गेममध्ये एफपीएस, म्हणजे एका सेकंदात तयार होणारी चित्रं, दाखवायची सोय असते. ती चालू करा. आकडा ३०-४० वरच घुटमळत असेल तर नवीन मॉनिटर आणून काही होणार नाही. तिथे रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड लागेल.

२) नेट कमी पडतं : व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. तरीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळताना पिंग कधी ४०, तर कधी एकदम १५० मिलिसेकंद होतो. मॉनिटर बदलून फार तर दहा-बारा मिलिसेकंद वाचतात. पिंग उड्या मारत असेल तर आधी फायबर कनेक्शन घ्या आणि वायफायऐवजी लॅन केबल लावा.

३) स्क्रीन कमी पडते : एफपीएस ९०-१०० च्या वर आहे, पिंगही ठीक आहे, पण माउस झटकन फिरवला की चित्र पुसट होतं किंवा मधोमध फाटल्यासारखं दिसतं. असं असेल तरच मॉनिटर बदलण्यात अर्थ आहे.

हर्ट्झ म्हणजे काय?

स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवते, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये मोजतात. साधा ऑफिसचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं. १०० हर्ट्झला हा वेळ १० मिलिसेकंद, १४४ ला सुमारे ६.९ आणि १८० ला सुमारे ५.६ मिलिसेकंद होतो.

आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट कळते. ६० वरून १०० ला जाताना प्रत्येक चित्रामागे जवळपास सात मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून १८० ला जाताना सव्वा-दीडच वाचतात. म्हणजे खरा फरक पहिल्या उडीत दिसतो. दुकानदाराने १८० आणि १४४ मध्ये दोन हजारांचा फरक सांगितला तर १४४ वर थांबायला हरकत नाही. दोन्हींची किंमत सारखीच असेल तर मोठा आकडा घ्या.

‘१ एमएस’च्या जाहिरातीत अडकू नका

बहुतेक खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘१ एमएस’ छापलेलं असतं. हा रिस्पॉन्स टाइम, म्हणजे स्क्रीनवरचा ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला लागणारा वेळ. तो मोजायच्या पद्धती दोन आहेत. ‘जीटीजी’ म्हणजे रंग बदलायचा वेळ. ‘एमपीआरटी’ म्हणजे हलतं चित्र डोळ्याला किती वेळ पुसट दिसतं, त्याचं माप. एमपीआरटीचा १ एमएस बहुतेक वेळा मागचा प्रकाश भराभर चालू-बंद करून गाठलेला असतो. ती सेटिंग चालू केली की स्क्रीनचा उजेड कमी होतो, आणि बऱ्याच मॉनिटरमध्ये फ्रीसिंक त्याच वेळी चालत नाही.

मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ नावाची सेटिंग असते. ती सगळ्यात वरच्या पायरीवर नेली तर हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची पांढुरकी सावली दिसते. मधली पायरी बहुधा ठीक बसते.

पॅनल कोणतं घ्यायचं?

- टीएन : वेगवान आणि एकेकाळी सगळ्यात स्वस्त. पण बाजूने किंवा खालून पाहिलं की रंग बदलतात. आता या किमतीत ते घेण्याचं फारसं कारण उरलेलं नाही.
- व्हीए : काळा रंग खरंच काळा दिसतो. सिनेमा पाहायला छान. पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात वस्तू हलली की मागे काळपट ओघळ दिसतो. नेमबाजीच्या गेममध्ये हे त्रासदायक ठरतं.
- आयपीएस : रंग चांगले, कुठूनही पाहिलं तरी चित्र सारखं आणि आता वेगही पुरेसा. अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी दिसतो, एवढीच उणीव.

घरात एकच मॉनिटर असतो आणि त्यावर सगळेच काम करतात. चांदवडला एसएनजेबीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्यासारख्या विद्यार्थ्याला कोडिंग आणि ड्रॉइंगही करायचं असतं. अशा घरासाठी आयपीएस हाच सरळ पर्याय आहे.

आकार किती हवा?

२४ इंच आणि १९२० बाय १०८० रिझोल्यूशन हे जमणारं गणित आहे. तेवढेच ठिपके २७ इंचावर पसरले की अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, कारण टेबलाजवळ बसणारा माणूस दोन-अडीच फुटांवरच असतो. २७ इंच हवाच असेल तर २५६० बाय १४४० घ्यावा लागतो. मग त्याला ग्राफिक्स कार्डही भारी लागतं आणि सगळा खर्च वाढतो. वळलेल्या स्क्रीनचा २४ इंचात विशेष फायदा नाही.

केबलचा घोळ : इथेच जास्त फसगत होते

नवा मॉनिटर आणला, पण जुनी निळी व्हीजीए केबल लावली, तर १४४ हर्ट्झ विसरा. व्हीजीएवर ६०-७५ च्या पुढे सहसा जाता येत नाही. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर १०८० रिझोल्यूशनला सहसा १२० हर्ट्झपर्यंतच मजल जाते. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर १४४ आणि त्यापुढेही चालतं.

शहरातल्या ऑफिसांतून आलेले वापरलेले कॉम्प्युटर आपल्याकडे बरेच घेतले जातात. त्यातल्या अनेकांना मागे डिस्प्लेपोर्ट असतो, फक्त तो कोणी वापरत नाही. घरून निघण्याआधी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवा. खोक्यात कोणती केबल येते, तेही विचारा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डच्याच पोर्टमध्ये लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही.

मॉनिटर जोडल्यावर आणखी एक काम उरतं. विंडोज बहुतेक वेळा ६० हर्ट्झवरच सुरू होतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदलावा लागतो. हे न केल्यामुळे १४४ चा मॉनिटर महिनोन् महिने ६० वर चालवणारे कमी नाहीत.

फ्रीसिंक, जी-सिंक

गेमचा एफपीएस वर-खाली होतो तसा स्क्रीनचा वेगही बदलला तर चित्र फाटत नाही. एएमडीच्या या सोयीला फ्रीसिंक म्हणतात, एनव्हिडियाच्या सोयीला जी-सिंक. पूर्वी जी-सिंकचे मॉनिटर महाग पडायचे. २०१९ पासून एनव्हिडियाची नवी कार्डंही फ्रीसिंकच्या अनेक मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे स्वस्त फ्रीसिंक मॉनिटर घेतला तरी चालतो. साध्या कॉम्प्युटरवर एफपीएस स्थिर राहत नाही, म्हणून तिथेच या सोयीचा उपयोग जास्त होतो.

किमतीचा अंदाज

२४ इंची १०० हर्ट्झ आयपीएस साधारण सात ते नऊ हजारांत, तर १४४ ते १८० हर्ट्झचा साधारण नऊ ते तेरा हजारांत मिळतो. सणासुदीच्या सेलमध्ये भाव खाली येतात. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको, हजार रुपये कमी करतो’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पक्क्या बिलावर सीरियल नंबर नसेल तर वॉरंटी मागताना अडचण येते.

विनाव्याज हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी असतो. एकूण किती रुपये भरायचे, तो आकडा विचारून मगच सही करा.

घेताना आणि घरी आणताना

- चांदवड, मनमाड, मालेगाव किंवा नाशिक, कुठूनही घ्या. पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि माणूस घरी येतो की मॉनिटर घेऊन जावं लागतं, हे आधी विचारा. गावात येतो का, हेही नाव घेऊन विचारा.
- बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पहा. बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो.
- दुकानात मॉनिटर चालू करून घ्या. पूर्ण काळी, पांढरी, लाल, हिरवी आणि निळी स्क्रीन लावून मेलेला ठिपका आहे का ते पहा. किती ठिपक्यांपर्यंत कंपनी बदलून देत नाही, हेही विचारून ठेवा.
- ऑनलाइन मागवला तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा. लेबलपासून मॉनिटर चालू होईपर्यंत सगळं त्यात आलं पाहिजे.
- मोटारसायकलवर किंवा एसटीत आणताना खोकं उभंच धरा. आडवं ठेवून वर पिशवी टाकली तर काच दबते, आणि असं तुटलेलं पॅनल वॉरंटीत बसत नाही.

वीज आणि धूळ

२४ इंची मॉनिटर साधारण २० ते ३० वॅट वीज घेतो. रोज पाच तास चालवला तरी महिन्याला तीन ते साडेचार युनिटच होतात. खरा धोका व्होल्टेजच्या चढ-उताराचा आणि विजांच्या कडकडाटाचा आहे. चांगलं अर्थिंग आणि यूपीएस हा खर्च मॉनिटरच्या बजेटमध्येच धरा. वळवाच्या पावसात नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवा. वाऱ्याने येणारी धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसा. सॅनिटायझर किंवा काचेचा स्प्रे वापरला तर स्क्रीनवरचा थर निघतो.

तक्रार कुठे करायची?

कंपनी किंवा दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तरीही काम झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल, वॉरंटी कार्ड आणि कंपनीशी झालेले मेसेज मात्र जपून ठेवा.

थोडक्यात

२४ इंच, १०८० रिझोल्यूशन, आयपीएस, १४४ हर्ट्झच्या आसपास, फ्रीसिंक, डिस्प्लेपोर्ट, तीन वर्षांची वॉरंटी आणि पक्कं बिल. एवढं कागदावर लिहून दुकानात जा. बजेट आठ हजारांच्या वर जात नसेल तर १०० हर्ट्झचा घ्या, ६० वरून येणाऱ्याला तोही पुरेसा वेगवान वाटतो. आणि कॉम्प्युटरच ४० एफपीएस देत असेल, तर यंदाचे पैसे मॉनिटरवर घालू नका.